14 जुलै 1887 जागेअभावी वगळला

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकी बेसबॉलमधल्या जुन्या मायनर लीग (दुय्यम दर्जाच्या) संघांवर आपल्या खात्याने काढलेली पुस्तिका काल टपालाने मिळाली, त्याबद्दल आभार. न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या ‘लिटल जायंट्स’ला तीत सात ओळी आहेत, ज्या परिच्छेदाचे वचन आपण मला समक्ष दिले होते, तो मात्र ‘जागेअभावी’ गळाला आहे. आपले छायाचित्र पानभर आहे.

1887 साली इंटरनॅशनल लीगमधील या संघात डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) जॉर्ज स्टोवी आणि कॅचर (तो झेलणारा) मोझेस फ्लीटवुड वॉकर ही कृष्णवर्णीय जोडी होती. स्टोवीने त्या हंगामात तीसहून अधिक सामने जिंकून दिले (कुणी 33 म्हणते, कुणी 35, आपण ‘अनेक’ लिहून मोकळे झालात). 14 जुलैला कॅप ॲन्सनचा शिकागो संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी आला. कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळण्यास ॲन्सनचा विरोध जगजाहीर होता, आणि नेमका त्या दिवशी स्टोवी मैदानात उतरला नाही. त्याची प्रकृती बरी नसल्याचे सांगण्यात आले. त्याच दिवशी बफेलोत लीगच्या बैठकीत सहा विरुद्ध चार मतांनी ठरले, की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत.

‘प्रकृती बरी नाही’ आणि ‘जागा नाही’ यांत मला तरी फरक दिसत नाही.

या एका परिच्छेदासाठी मी तीन वर्षांत आपल्या कार्यालयाच्या चौदा-पंधरा फेऱ्या मारल्या, मायक्रोफिल्म वाचून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, आणि साताऱ्याहून येऊन इथे तीस वर्षे कर भरल्यावर आपल्या कर्मचाऱ्यांकडून ‘ते बेसबॉलवाले गृहस्थ’ ही पदवी मिळवली. विजय ठेवायचे आणि ठराव गाळायचे, ही रीत एकट्या आपल्या खात्याची नाही, हे मी जाणतो. सरकार कुठलेही असो, स्मरणिका अशाच निघतात. म्हणूनच 18 एप्रिल 1946 रोजी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन शेजारच्या जर्सी सिटीत याच लीगमधला आपला पहिला सामना खेळला, हे आपण ठळक अक्षरांत छापता. पण त्या दिवसाचे एवढे अप्रूप का वाटावे, हे वाचकाला कळू देत नाही.

वॉकरचा भाऊ वेल्डी यानेही 1888 मध्ये ट्राय-स्टेट लीग या दुसऱ्या लीगच्या अध्यक्षांना कृष्णवर्णीयांवरील बंदीविरुद्ध खुले पत्र लिहिले होते. ‘स्पोर्टिंग लाइफ’ या क्रीडा-साप्ताहिकाला ते छापायला जागा सापडली होती.

पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती माझ्याकडे पाठवाव्यात. गळालेला मजकूर मी समासात हाताने लिहून परत करीन. टपालखर्चही मीच सोसेन.

आपला,
एक बेसबॉलवाला गृहस्थ