श्रावणातले शुक्रवार

नाशिक, 10 ऑगस्ट 2025

प्रिय शैल,

तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. मग 'घरी पाहुणे होते' असा मेसेज टाकला. पाहुणेबिहुणे कुणी नव्हते. फोनवर बोलले असते तर पहिल्या वाक्यातच तू म्हणाली असतीस, "विजू, काय झालंय?" आणि काय झालंय ते मलाच धड मांडता येत नव्हतं. म्हणून पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस, तुझ्यापेक्षा बरंच आहे.

तब्येतीचं आधी उरकते. जूनमध्ये मॅमोग्राफीत डावीकडे काहीतरी दिसलं, बायोप्सी झाली, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साधी गाठ आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. संपलं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं, म्हणून कळवलं नाही. रागावायचं तर भेटल्यावर रागाव.

खरी गोष्ट निराळीच आहे. बायोप्सीआधी डॉक्टर एकेक विचारत होत्या. तरुण मुलगी, आपल्या नेहाच्या वयाची. पाळी कधी गेली, वजन किती, घरात कुणाला होता का. बेबीमावशीचं सांगितलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "ड्रिंक्स?" आणि मी म्हणाले, "नाही."

अगं, इतक्या पटकन म्हणाले! जणू 'बँक लुटलीत का' असंच विचारलं होतं. अनिल शेजारच्या खुर्चीत बसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. तिने फॉर्मवर फुली मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी, शैल! एकतीस वर्षं विम्याचे प्रपोजल तपासलेली बाई. त्या एका रकान्यावरून सगळा नाशिक जिल्हा निर्व्यसनी ठरला असता. आम्ही हसायचो, एखादा जास्तच साळसूद वाटला की मेडिकल लावायचो. दडवलेलं पुढे निघालं तर क्लेम अडकायचा. अर्थात विमा कायद्याचं कलम 45 आहेच, तीन वर्षं झाली की पॉलिसीवर कुणी बोट ठेवू शकत नाही. आपल्याला तर बेचाळीस झाली, तेव्हा तुझ्याजवळ काहीही कबूल करायला मी मोकळी आहे.

तर कबुली. आमचे शुक्रवार तुला माहीत आहेत. वाइनची एक बाटली, दोघांत, बाल्कनीत. तीही दिंडोरीकडची, म्हणजे जिल्ह्याबाहेरचं काही नाही. रिपोर्टची वाट बघताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. 750 मिली, 13 टक्के, म्हणजे बाटलीत साधारण 77 ग्रॅम अल्कोहोल. माझ्या वाट्याला 38, आठवड्याला. ब्रिटिश सरकार आठवड्याला 14 युनिटपर्यंत 'कमी धोका' म्हणतं, एक युनिट म्हणजे आठ ग्रॅम, माझी पाचसुद्धा भरत नाहीत. मनात म्हटलं, चला, सुटलो. मग पुढचं वाचलं आणि पंचाईत झाली.

2002 साली 53 अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला होता, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांचा. अजिबात न पिणाऱ्या हजारजणींपैकी 88 जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. रोज एक ड्रिंक, म्हणजे दहा ग्रॅम घेणाऱ्या हजारजणींत 94 जणींना. फरक सहाचा. माझं माप त्याच्या निम्मं, म्हणजे धर तीन. हजारात तीन! नोकरीत असते तर अशा प्रपोजलला एक रुपया जादा प्रीमियम लावला नसता. पण टेबलाच्या या बाजूला बसल्यावर ते आकडे निराळेच दिसतात गं. इथून त्या हजार बायका दिसतच नाहीत, तीनच दिसतात.

आणि बेबीमावशी! खोकल्याचं औषधसुद्धा 'त्यात दारू असते' म्हणून न घेणारी बाई. तिला झालाच की. तिचा विचार केला की वाटतं, घाल चुलीत ते आकडे आणि आण बाटली. आणि लगेच वाटतं, तिच्या रक्ताची म्हणून मला आधीच काही जादा असेल तर त्यावर आणखी तीन कशाला?

रेड वाइन हृदयाला चांगली हेही गेलं बरं का. नव्वदच्या दशकात काय कौतुक होतं! थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात म्हणे. आता सांगतात, त्या न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारपणामुळे सोडलेलेही उभे होते, मग ते आधी मरणारच. हे तर आमच्या ऑफिसच्या शिपायानेही सांगितलं असतं. दारू कॅन्सर करते, हे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 1988 सालीच यादीत घालून ठेवलं होतं, तंबाखूच्याच रांगेत. 2023 च्या जानेवारीत डब्ल्यूएचओने 'सुरक्षित असं प्रमाणच नाही' म्हणून टाकलं. आणि त्याच्या बरोबर वर्षभर आधी, सुपरमार्केटात वाइन ठेवायचं चाललं होतं तेव्हा, आपले पुढारी टीव्हीवर सांगत होते की वाइन म्हणजे दारू नव्हे. पोटात गेल्यावर शरीर तिचं जे विषारी ॲसिटाल्डिहाइड करतं, त्याला हे कोण कळवणार? सगळ्यांत कडी म्हणजे अनिलचा परवाना. हजार रुपये भरून आजन्म काढलाय. कायदा 1949 चा दारूबंदीचा, आणि परवाना 'आरोग्यरक्षणासाठी'. म्हणजे सरकारदरबारी आम्ही प्रकृतीसाठी पितो, आणि बाटलीवर छापलेलं असतं की आरोग्यास हानिकारक.

रिपोर्ट आल्यावर मी म्हटलं, "या वर्षी श्रावण पाळूया." आपण श्रावणी सोमवारी सुरमई तळून खाल्लेली माणसं! वाटलं, तो खो खो हसेल. तो म्हणाला, "चालेल." तेही इतक्या लगेच की मला कळलं, बुटांकडे बघताना यानेही हिशेब मांडला होता. तेव्हापासून दोघंही त्या 'नाही'बद्दल अवाक्षर काढत नाही.

पहिल्या शुक्रवारी मी कोकम सरबत केलं, त्याच खुर्च्या, तेच फरसाण. चार मिनिटांत ग्लास रिकामा करून तो बातम्या लावायला आत गेला. दुसऱ्या शुक्रवारी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलला. परवाचा तिसरा. जिवतीच्या फोटोला हळदकुंकू लावून मी बाहेर आले, तर हा खुर्चीत बसून मोबाइलमध्ये. वीस मिनिटं आम्ही समोरच्या इमारतीचं प्लास्टर बघत बसलो.

तुला सांगू, त्या शुक्रवारी दुसऱ्या ग्लासानंतर तो जे बोलतो ना, ते एरवी बोलतच नाही. त्याचे वडील, भावाशी वाटणीवरून झालेलं, कंपनीतून लवकर निवृत्ती का घ्यावी लागली ते. तीस वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते या पाच वर्षांतल्या शुक्रवारी कळलं. मला वाइनची चवसुद्धा फारशी आवडत नाही, हे फक्त तुलाच सांगतेय. गोव्यातलं ते मिरची घातलेलं काजूचं हुर्राक अजून आठवतं, तसं या वाइनचं मुळीच नाही. पण बाटली नसली की तो माणूस येतच नाही. मग हजारात तीन कुठल्या पारड्यात टाकू? आणि मनात असंही येतं की बोलायला नवऱ्याला दोन ग्लास लागतात, तर आधीची पंचवीस वर्षं मी कुणाबरोबर काढली?

आता जे लिहायला इतके दिवस लागले ते. दादाच्या तेराव्याला मी तुला म्हणाले होते, "तो निदान मनासारखं जगला." तू म्हणालीस, "आणि वहिनी?" मग दोन वर्षं आपण बोललो नाही. मी सगळ्यांना सांगत फिरले की शैल दुःखात आहे, तिला कळत नाहीये. मला फार कळत होतं! तेव्हापासून तू थेंबभर घेतली नाहीस, पण मला 'सोड' असं एकदाही म्हणाली नाहीस. तेच वाक्य परवा मी स्वतःला ऐकवत होते, 'मनासारखं जगावं.' आणि दरवेळी पुढचे दोन शब्द तुझ्या आवाजात ऐकू येत होते. माझं चुकलं होतं गं. सोळा वर्षं उशिरा म्हणतेय.

पण आमचा अर्धा-अर्धा आणि दादाचं ते सगळं, एकच का? नाही, मला माहीत आहे नाही. तूही नाहीच म्हणशील. तरी लिहिताना हात थांबला.

येता शुक्रवार 15 ऑगस्ट, ड्राय डे, म्हणजे तो सरकारने सोडवला. 22 ला पोळा. 29 ला घरात गणपती, मग गौरी. खरा प्रश्न 5 सप्टेंबरचा. अनिल काल कॅलेंडरपाशी बराच वेळ उभा होता. मी विचारलं, "काय बघतोस?" म्हणाला, "पौर्णिमा." पौर्णिमा कालच होती.

तुझं सांग. गुडघा वाकतो का? फिजिओला बुट्ट्या मारू नकोस. नेहाच्या व्हिसाचं झालं का? गच्चीवरचा गळका भाग तुझ्या दिरानेच करून द्यायला हवा, तू एक पैसा काढू नकोस. सुमी भेटली होती, अजून तश्शीच आहे.

5 तारखेला येतेस? लिफ्ट सुरू झालीय. तू मध्ये बसलीस तर तो कोकमावरही बोलेल, तुझ्यासमोर त्याला गप्प बसता येत नाही. आणि नाहीच बोलला, तर मी त्याला तुझ्यादेखतच विचारणार आहे, बुटांकडे का बघितलंस म्हणून.

तुझी,
विजू

ता. क. गोव्याहून आणलेली फेणीची बाटली मिठाच्या बरणीमागे अजून तशीच आहे. अनिल म्हणतो, दुखऱ्या सांध्यांवर चोळायला उत्तम. तुझ्या गुडघ्यासाठी ठेवू का? डॉक्टरांना मात्र आधी विचार, आणि खरं काय ते सांग.