सांभाळणारा एक, पैसे बघणारा दुसरा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बौद्धिक दिव्यांग मुलांचे पालक एकत्र जमले की बोलणे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते : आपल्यामागे याचे काय? आणि बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते, 'दादा आहे ना' किंवा 'ताई बघेल'. मग राहते घर, ठेवी, विम्याची रक्कम असे सगळे त्या दादाच्या किंवा ताईच्या नावावर केले जाते. माझाही धाकटा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, आता तिशीच्या पुढे गेला आहे. अशा व्यवस्थेत त्या मुलाला धोका आहे आणि त्याच्या भावंडांवर अन्याय आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

दादाच्या मनात काही वाईट नसते. पण त्याच्या नावावर गेलेला पैसा कायद्याने त्याचा झालेला असतो. उद्या त्याचा धंदा बसला तर बँकेची वसुली त्याच पैशावर येईल. तो अचानक गेला तर त्या पैशाचे वारस त्याची बायको-मुले असतील. धाकट्या भावाचे नाव कुठल्याच कागदावर नसेल. 'पण आम्ही नॉमिनी म्हणून धाकट्याचे नाव घातले आहे,' असेही काही जण सांगतात. नॉमिनी हा सहसा मालक नसतो, रक्कम ताब्यात घेऊन ती वारसांपर्यंत पोचवणे एवढेच बहुतेक वेळा त्याचे काम. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.

बरे, सगळे थेट मुलाच्याच नावावर ठेवावे, तर तिथेही अडते. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या काउंटरवर कळते. आमच्या मुलाच्या नावावरच्या ठेवीची मुदत संपली तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, 'सही त्यांचीच लागेल.' त्याने पेन घेतले आणि सहीच्या चौकटीत मन लावून गोल काढले, एकाला लागून एक. मग आमच्याकडे बघून हसला. फॉर्म अर्थातच परत आला.

यावरचा मार्ग जुनाच आहे. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली कोणालाही आपल्या माणसासाठी खासगी ट्रस्ट करता येतो, म्हणजे मालमत्ता ट्रस्टीच्या ताब्यात द्यायची आणि त्याने ती त्या माणसासाठीच, म्हणजे लाभार्थीसाठीच, वापरायची. ट्रस्ट म्हटले की लोकांना देवस्थान, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्त आठवतात. खासगी ट्रस्टचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यासाठी फार श्रीमंत असावे लागते असेही नाही. कोणासाठी, कशासाठी, कोणती मालमत्ता आणि ती कोण सांभाळणार, हे कागदावर निःसंदिग्ध हवे. स्थावर मालमत्ता त्यात घालायची तर या कागदाची, म्हणजे ट्रस्ट डीडची, नोंदणी करावी लागते, नाहीतर तीच गोष्ट मृत्युपत्राने करता येते. घर हयातीतच ट्रस्टच्या नावे करायचे असेल तर मुद्रांक शुल्काचा हिशेब आधी विचारून घ्यावा. आम्ही हयातीत थोड्या रकमेवर ट्रस्ट सुरू केला. घर आणि बाकीची पुंजी आमच्या मागे त्यात जमा व्हावी, असे मृत्युपत्रात लिहिले.

पण माझा खरा मुद्दा ट्रस्ट करा एवढाच नाही. मुलाला सांभाळणारा माणूस आणि पैसे सांभाळणारा माणूस वेगवेगळे ठेवा, हे मला कळकळीने सांगायचे आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती त्याखाली कायदेशीर पालक, म्हणजे त्या व्यक्तीला सांभाळणारा माणूस, नेमते. (मानसिक आजार या कायद्यात येत नाहीत, त्या कुटुंबांची वाट आणखी बिकट आहे.) नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा, असे कायदा सांगतो. ट्रस्टीवरही बंधने आहेत. ट्रस्टचा पैसा त्याला स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत नाही, हिशेब ठेवावा लागतो आणि एकदा जबाबदारी स्वीकारली की वाटेल तेव्हा अंग काढून घेता येत नाही. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे गेली तर पैसे मागणारा तोच आणि देणाराही तोच. कुठे काही चुकले तर बघणारे कोणी उरत नाही, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्याला तक्रार करता येत नाही. दोन माणसे असली की ट्रस्टी विचारू शकतो, 'या महिन्यात औषधांचे बिल का नाही?' आणि पालक विचारू शकतो, 'थेरपीचे पैसे का थांबले?' भावाबहिणीचे नातेही यात टिकते. ताईला भावाकडे ताई म्हणूनच जाता येते, तिच्यावर पैशाचा संशय कोणी घेत नाही.

याच कारणाने डीडमधले आणखी एक कलम महत्त्वाचे वाटते : मुलाच्या पश्चात उरलेली रक्कम कोणाला? ज्याला ती मिळणार आहे त्याच्या एकट्याच्या हाती खर्चाचा निर्णय ठेवू नये. माणूस कितीही चांगला असो, आपण त्याला अशा पेचात का टाकावे? ट्रस्टी वारला किंवा थकला तर पुढचा कोण, हेही लिहूनच ठेवावे.

कराची एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. लाभार्थी अनेक आणि कोणाला किती द्यायचे ते ट्रस्टींच्या मर्जीवर, असे लिहिले तर काही अपवाद वगळता ट्रस्टच्या उत्पन्नावर कमाल दराने कर लागतो. एकच लाभार्थी आणि त्याचा हक्क निश्चित असेल तर कर त्याच्या दराने लागतो. म्हणून 'मुलासाठी व कुटुंबातील इतरांसाठी' असे सैल शब्द घालण्याआधी सनदी लेखापालाला विचारावे. केंद्र सरकारच्या निवृत्तांनी तर अधिक जपावे. दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तीवेतन मिळते, पण त्याचे इतर उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे लागते. आईवडिलांनी हौसेने त्याच्या नावावर ठेवलेल्या ठेवींच्या व्याजामुळे ते बंद पडायला नको. आणि मुलाचे नाव निवृत्तीवेतनाच्या कागदांत आपण हयात असतानाच नोंदवून घ्यावे. आपल्यामागे त्याच्यासाठी कचेरीच्या चकरा कोण मारणार?

कायद्याच्या कागदाला जोडून एक साधे पत्रही हवे. त्याला न्यायालयात किंमत नसली तरी मुलाच्या दिवसाला आहे. आमच्या पत्रात लिहिले आहे : फिटची गोळी सकाळी आठला, कंपनी बदलायची नाही. नुसती गोळी दिली तर गालात धरून ठेवतो, म्हणून चुरून शिऱ्याच्या पहिल्या चमच्यात द्यावी. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगावे, नाहीतर कान दाबून दार लावून घेतो. दुखत असेल तर तो दुखते असे म्हणत नाही, जेवायला नको म्हणतो. अशा गोष्टी आज फक्त आईच्या डोक्यात असतात. त्या लिहून काढून दरवर्षी दुरुस्त कराव्यात.

राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याच्याकडे माझी मागणी आहे की, पालकत्वाचा अर्ज घेऊन कुटुंब स्थानिक स्तर समितीपुढे येते त्याच वेळी त्याच्या हाती मराठीतला नमुना ट्रस्ट डीड द्यावा आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून तो समजावून सांगावा. आज आईवडील ज्याला त्याला विचारत फिरतात. दुसरे म्हणजे, कायदेशीर पालकाचा हिशेब जसा समितीकडे जातो तसा ट्रस्टचा वार्षिक हिशेबही, आईवडिलांनी डीडमध्ये तशी इच्छा लिहिली असेल तर, समितीने स्वीकारून तपासावा. खासगी ट्रस्टमध्ये गैरव्यवहार झाला तर आज दिवाणी न्यायालय गाठावे लागते, आणि तिथे त्या मुलाच्या वतीने जाणार कोण, हा प्रश्न उरतो. समिती अस्तित्वात आहे, हिशेब घेण्याची रीतही आहे. हे काम तिच्या कक्षेत आणण्यासाठी विभागाने पावले उचलावीत.

आपली नम्र,
एका दिव्यांग मुलाची आई