तो रकाना मी भरायला नको होता

संपादक महोदय,

शाळेचा शेवटचा निकाल लागला आणि घरात एकच विषय सुरू झाला, पुढे काय? प्रवेश अर्जावर मुलीने नाव, जन्मतारीख भराभर लिहिली. 'अभ्यासक्रम' या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. टोपण चावून चावून पार चपटं झालेलं. मी अर्ज ओढला आणि 'वैद्यकीय' लिहून टाकलं. ती एक शब्द बोलली नाही. ते गप्प राहणं मला अजून खुपतंय, कारण तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवरचे पक्षी, त्यांचं पीस न् पीस, मी किती वर्षं पाहत आलेय!

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनलाही वडिलांनी १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी डॉक्टरकी शिकायला धाडलं होतं. शस्त्रक्रिया बघवेनात, दोन वर्षांत त्याने ते सोडलं. मग पाद्री होण्यासाठी केंब्रिज. शेवटी आपल्या आवडीचा निसर्ग अभ्यासायला 'बीगल' या जगप्रवासाला निघालेल्या जहाजावर चढला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

शाळांना कळकळीची विनंती, निकालानंतर एकदा तरी मुलांशी आम्हा पालकांना बाहेर बसवून बोला. नवा कोरा अर्ज मी तिच्या टेबलावर ठेवला आहे.

– एक आई