मित्राच्या आणि सत्याच्या मधली जागा दाखवणाऱ्या समुपदेशक बाईंना

आदरणीय बाई,

हे पत्र आभाराचं आहे, आणि ते इतर शिक्षक-पालकांनीही वाचावं म्हणून उघडं लिहितो आहोत. मित्राची चूक दिसली की मुलापुढे दोनच वाटा असतात, गप्प बसणं किंवा नाव सांगणं, असं बहुतेक शिक्षक धरून चालतात. या दोन्हींच्या मध्ये केवढी जागा आहे आणि तिथे काय काय करता येतं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत.

तुमची पहिली शिकवण वेळेची. परीक्षेत मागच्या बाकावरून पाठीत पेन्सिल टोचते, ‘तिसऱ्याचं दाखव ना’ असं कुजबुजणं ऐकू येतं. त्या घटकेला मुलाला विचार करायला सवडच नसते, आणि तिथे मान हलवून दिलेला नकार मित्राला दगा वाटतो. म्हणून नकार आदल्या दिवशी, दोघंच असताना द्यायचा. त्यासाठीचं बोलणंही तुम्ही तोलून दिलंत: “उद्या मी पेपर दाखवणार नाही. आज संध्याकाळी चाळीस मिनिटं बसू, तुझी अडलेली तीन गणितं करू.” नकाराला कारणं जोडायची नाहीत. कारणं दिली की वाद सुरू होतो आणि वादात बोलका जिंकतो. मदतीला मात्र वेळ आणि आकडा हवाच. ‘कधीही विचार’ म्हटलं की विचारायला कुणी येत नाही.

घडून गेलेल्या गोष्टीचा क्रम वेगळा. प्रयोगशाळेतलं चंचुपात्र मित्राच्या हातून फुटलं आणि बोलणी दुसऱ्यानेच खाल्ली, तर आधी मित्राकडे जायचं. “उद्या मधल्या सुट्टीपर्यंत तू सांग. हवं तर मी सोबत येतो. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.” यात मुदत आहे, सोबत आहे आणि आपण कुठवर साथ देणार तेही आहे. मुदत एका दिवसाची, कारण तोवर दुसऱ्या मुलाच्या माथी आळ राहतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मित्राशी बोलण्याआधी चार जणांत चर्चा करणं. मग मित्राचं लक्ष चुकीवरून उडतं, त्याला अब्रू वाचवायची असते.

काही बाबतींत मुदत द्यायचीच नाही, हे तुम्ही फार ठामपणे सांगितलंत. मित्र स्वतःला इजा करतो आहे किंवा जीव द्यायची भाषा बोलतो आहे, कुणाला मारहाण होते आहे, कुणी मोठं माणूस नको तसा स्पर्श करतं आहे, कुणाचे खासगी फोटो फिरताहेत: त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. फोटो पुरावा म्हणूनसुद्धा पुढे पाठवायचे नाहीत. कोणत्या गटात, किती वाजता दिसले तेवढं लिहून ठेवायचं. मुलं अडकतात ती ‘आधी शपथ घे’ या पायरीवर, कारण गुपित कळण्याआधीच वचन दिलेलं असतं. त्यावर तुमचं उत्तर आमच्या वर्गांत आता पाठ आहे: “ऐकतो. पण जिवाचं काही असेल तर एकटा सांभाळणार नाही.”

सांगायला येणाऱ्या मुलासाठी तुमची चार ओळींची चिठ्ठीही तशीच मोलाची. काय पाहिलं, कधी, कुठे, आणि शेवटच्या ओळीत, वेगळं, नुसतं ऐकलेलं काय. ही शेवटची ओळ नसली की ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीत मिसळते आणि मित्रावर नसलेला दोष येतो. चहाडी होण्याची भीती वाटणाऱ्या मुलाला ही चिठ्ठी फार आधार देते.

पण आम्ही सर्वाधिक ऋणी आहोत ते आमच्या चुका दाखवल्याबद्दल. ‘कुणी केलं ते सांगा, नाहीतर सगळ्या वर्गाला शिक्षा’ म्हटलं की खरं बोलणं म्हणजे फितुरी ठरते. ‘मला अमुकने सांगितलं’ म्हटलं की पुढच्या वेळी कुणी दाराशी येत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1951 च्या प्रयोगात रेघांची लांबी उघड दिसत असूनही, सगळा गट मुद्दाम चुकीचं बोलला तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटासारखीच चुकीची आली. गटातला एक जण जरी खरं बोलला तरी हे प्रमाण खूप खाली आलं. महाभारतातल्या द्यूतसभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण द्रौपदीसाठी उठून बोलला, भावांच्या विरोधात. तो त्यांना सोडून गेला नाही, शेवटी त्यांच्याच बाजूने लढला. पण विदुर सोडला तर सभेत त्याच्या शब्दाला उचलून धरणारा वजनदार माणूस निघाला नाही. वर्गात तो माणूस शिक्षकाने व्हायचं असतं, हे आम्ही तुमच्याकडून शिकलो.

नंतरच्या दिवसांबद्दलही तुम्ही खरं तेच सांगितलंत: मित्र रागावणार. त्याच बाकावर बसायचं, एकदाच म्हणायचं, “तुझा राग समजतो, मी इथेच आहे,” आणि मागे लागायचं नाही. काही मैत्र्या परत येत नाहीत. हे मुलापासून लपवू नका, हे तुमचं म्हणणं आम्हाला सुरुवातीला जड गेलं होतं.

चार ओळींच्या चिठ्ठ्यांचे कोरे गठ्ठे आता प्रत्येक वर्गाच्या कपाटात आहेत. तुमचे मनापासून आभार.

आपले,
आठवी ते दहावीचे वर्गशिक्षक