पिट्युटरीचं वजन आणि तुझी नोंदवही

नाशिक,
जूनअखेर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीचा अर्क टोचून रोहू माशांकडून अंडी मिळवण्याच्या तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. विषय मनापासून आवडला. एक जागा मात्र फार खटकली. ‘रोहूच्या माद्यांना किलोमागे 8 मिलिग्रॅम अर्क दिला’ एवढं लिहून तू थेट निकालाच्या तक्त्यावर गेली आहेस. हे 8 मिलिग्रॅम हार्मोनचे नाहीत, ग्रंथीच्या वजनाचे आहेत. त्यात एलएच, म्हणजे अंडी सोडवणारं हार्मोन किती, हे दात्या माशाच्या (ज्याची ग्रंथी काढतो त्याच्या) पक्वतेवर आणि ग्रंथी कशी काढली, कशी ठेवली यावर ठरतं. अंडी घालून रिकाम्या झालेल्या मादीची ग्रंथीही काट्यावर वजन दाखवतेच, पण तिला जोर नसतो. म्हणून नोंदवही इंजेक्शनपासून नको, ग्रंथी काढण्यापासून सुरू कर.

पुढच्या आठवड्यात ग्रंथींसाठी माशांची डोकी घ्यायला इथल्या बाजारात जाशील, तेव्हा मासळीवाल्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेव. पोट तुझ्यासमोरच चिरू दे. अंडाशय भरलेलं आहे की सैल पडलंय, ते तिथल्या तिथे लिही. डोकं घरी आणल्यावर ते कळायला काही मार्ग नाही. बर्फातला मासा चालेल, वास सुटलेला नको.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मणका जिथे जोडलेला असतो तिथे भोक दिसेल. आधी चिमट्याने आणि कापसाने करडी चरबी काढ, मग मेंदू अलगद उचल. ग्रंथी बहुधा कवटीच्या तळाशी, पातळ पडद्याखाली राहते: पांढुरकी, ज्वारीच्या दाण्यासारखी. पडदा सुईने कडेकडेने सोडव, ग्रंथीला चिमटा लावून दाबू नकोस. ती फुटली की आतला ऐवज सांडतो आणि वजनाला काही अर्थ उरत नाही. पाण्याने धुवायचा मोह टाळ. एलएच पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये नाही. म्हणून ग्रंथी लगेच शुद्ध अल्कोहोलमध्ये टाक, 24 तासांनी अल्कोहोल बदल आणि गडद काचेच्या कुपीत फ्रिजमध्ये ठेव. अल्कोहोल ग्रंथीतलं पाणी आणि चरबी ओढून घेतं. फॉर्मलिन अजिबात नको. ते प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं, मग अर्क उतरतच नाही. प्रत्येक ग्रंथीची कुपी वेगळी, नंबर वेगळा.

वापरायच्या वेळी ग्रंथी गाळणकागदावर ठेवून अल्कोहोल उडू दे, मगच वजन कर. 0.3 टक्के मिठाच्या पाण्यात घोट, सेंट्रिफ्यूज कर (यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसव), वरची निवळी घे. ती उद्यासाठी ठेवू नकोस. मादीला आधी किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम, सहा तासांनी 5 ते 8. नराला दुसऱ्या वेळीच 2 ते 3. पहिला डोस अंड्यांना पुढच्या टप्प्यावर आणतो, दुसऱ्याने ती सुटतात. अंडी सोडवायच्या तयार इंजेक्शनांत डोम्पेरिडोन हे औषध असतं ते वेगळ्या कारणासाठी: कार्प माशांत (रोहू त्यातलाच) मेंदूतलं डोपामिन हे रसायन एलएचला रोखून धरतं, डोम्पेरिडोन तो अडसर काढतं. बाहेरून थेट पिट्युटरीचा अर्क दिलास तर हा अडसर टाळूनच पुढे जातेस. दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नकोस.

सगळ्यात मोलाचा रकाना तुझ्या आराखड्यात नाहीच. मादी निवडताना मऊ पोट आणि लालसर गुदद्वार पाहून भागत नाही. बारीक नळीने वीस-तीस अंडी काढ, सहा भाग अल्कोहोल, तीन भाग फॉर्मलिन आणि एक भाग असेटिक आम्लाच्या द्रावात काही मिनिटं ठेव. अंडं पारदर्शक होतं आणि आतलं केंद्रक दिसू लागतं. ते मधोमध असेल तर कितीही अर्क टोचलास तरी मादी अंडी सोडणार नाही. कडेकडे सरकलेलं हवं. किती टक्के अंड्यांत सरकलंय, ते इंजेक्शनच्या आधी लिही. मग अंडी न सोडणाऱ्या मादीचं कारण अर्कात शोधायचं की मादीत, हे कळेल. अशा माद्यांच्या ओळी तक्त्यातून गाळू नकोस.

हार्मोन मोजायला रक्त घेणार असशील तर मासा जाळ्यात आल्यापासून सुई लागेपर्यंतची मिनिटं मोज. धरपकडीने कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन काही मिनिटांत चढतं. इस्ट्राडायॉल हे मादीचं हार्मोन सगळ्या पृष्ठवंशीयांत एकच रेणू आहे, त्यामुळे त्याला माणसासाठीचा एलिसा किट (अँटीबॉडीने हार्मोन ओळखून मोजणारी चाचणी) नीट पडताळून चालतो. एलएचला तो चालत नाही, कारण माशाचं एलएच त्या अँटीबॉडीला ओळखीचं नसतं.

10 जुलै 1957 ला ओडिशातल्या अंगुळला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी कार्पच्याच पिट्युटरीने कार्पची अंडी मिळवली. त्या आधी 1930 च्या दशकात ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी माशांच्या पिट्युटरीचा असाच उपयोग करून दाखवला होता. ही पद्धत गावोगावच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रांत) उतरली, कारण दात्यापासून तासांपर्यंत सगळं दुसऱ्याला जसंच्या तसं करता येत होतं. तुझी वहीही तशीच असावी, असं मला फार वाटतं.

पाण्याचं तापमान दर तासाला लिही. 28 अंशांना दुसऱ्या इंजेक्शननंतर साधारण 4 ते 6 तासांत अंडी पडतात. नाशिकला जुलैत झड लागली की पाणी गार होतं आणि वेळ लांबतो. घाई करून तिसरा डोस देऊ नकोस. कुप्यांच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाक, पेनाची शाई अल्कोहोलने जाते. बर्फाचा डबा आणि बारीक चिमटे मी काढून ठेवते. शुद्ध अल्कोहोल मात्र कॉलेजातून लेखी परवानगी घेऊन तूच आण.

तुझी,
आई