आधी घोटा, मग पाऊस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बुटांचा विषय काढला की तू "हो गं आई, बघते" म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहून पाठवते आहे.

पाऊस तोंडावर आलाय आणि तू गमबूट बघते आहेस असं कळलं. मुलुंडहून बीकेसीला रोज बाईकने जायचं, तर पाय कोरडे राहायला हवेत हे कबूल. पण बूट निवडताना पाण्याचा विचार दुसरा, पहिला घोट्याचा. माझी सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली. हेल्मेट घातलेल्यांची डोकी वाचलेली असायची, पाय मात्र बघवत नसत. आणि ही माणसं सुसाट जाताना पडलेली असायची असंही नाही. सिग्नलपाशी ओल्या पट्ट्यावर गाडी घसरली, आडवी झाली, पाय खाली अडकला, एवढंच. दीडशे किलोची गाडी घोट्यावर आली की आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही हाडं मोडतात. मग प्लेट-स्क्रू, कित्येक आठवडे पाय टेकायचा नाही, पुढे फिजिओथेरपी. त्याहून मला धास्ती टाचेची. टाचेखाली जशी जाड, घट्ट बसलेली कातडी असते तशी अंगावर दुसरीकडे कुठे नसते. ती सोलवटून निघाली तर मांडीची कातडी लावतात, पण पहिल्यासारखी टाच परत मिळत नाही. स्ट्रेचरवर आलेल्या पेशंटच्या पायात कितीदा तरी एकच बूट असायचा. दुसरा रस्त्यावरच निघून गेलेला.

गमबुटाचं नेमकं तेच होतं. नळी सैल, घोट्याला आधार शून्य, पडल्याबरोबर पाय बाहेर. शिवाय कुर्ल्याला पाणी तुंबलं की ते वरूनच आत शिरतं, आणि भरलेला गमबूट घेऊन तुला ब्रेक दाबावा लागतो. जाळीचे स्पोर्ट्स शूज तर डांबरावर घासले की क्षणात फाटतात.

मामाने कंपनीतले सेफ्टी शूज सुचवलेत. कापडी बुटांपेक्षा ते केव्हाही बरे. पण त्यांची पोलादी टोपी २०० जूलचा आघात सोसते तो वरून बोटांवर पडणाऱ्या वजनाचा. घोटा मुरगळण्यापासून ती वाचवत नाही. आणि पुढचा भाग इतका जाड असतो की डाव्या पायाने गिअर वर उचलताना बूट लिव्हरखाली जाता जात नाही.

तेव्हा खास बाईकसाठी केलेलेच बूट घे. आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि ईएन १३६३४ हा आकडा शोध. हे युरोपचं मानक आहे, आपल्याकडच्या चांगल्या बुटांवरही मिळतं. सोबत १ किंवा २ असे चार अंक असतात: बुटाची उंची, घासणं, कापलं जाणं आणि आडव्या दाबाखाली तळवा किती टिकतो, यांचे. २ म्हणजे वरची पातळी. घोट्याच्या पॅडची चाचणी मात्र ऐच्छिक असते. ती झालेली असेल तरच आयपीए ही अक्षरं दिसतात. ती असलेलाच घे.

लेबलवर विसंबून राहू नकोस, हातानेही बघ. घोट्याच्या दोन्ही अंगांना अंगठा दाबून पाहा, आत कडक कवच लागलं पाहिजे. नुसतं चामडं दबलं तर तो फक्त दिसायला रायडिंग बूट. तसले बाजारात ढिगाने आहेत, फसू नकोस. टाचेचा कप दाबून बघ. मग ओला कपडा पिळतात तसा बूट पिळून बघ, सहज पिळला गेला तर ठेवून दे. नाडी असेल तर ती आत खोचून वर पट्टा बसायला हवा. मोकळी नाडी फूटरेस्टला अडकली की सिग्नलला पाय खाली टेकवता येत नाही.

मापाचं जपून. बरेचसे बूट पुरुषांच्या मापाने येतात आणि तुझा पाय लहान. दुकानदार म्हणेल, दोन मोजे घाला, बसेल. ऐकू नकोस. टाच आत उचलली जात असेल तर घोट्याचं कवच घोट्यावर राहतच नाही.

वॉटरप्रूफ अस्तर असेल तर उत्तमच, पण रेनपँट बुटाच्या बाहेरून घाल, आत खोचू नकोस. बूट भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेव, हीटरजवळ नको, चिकटवलेला तळवा सुटतो. सेलमधला जुना माल स्वस्त पडतो म्हणून उचलू नकोस. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा तळवा मुंबईच्या दमट हवेत नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत भुगा होऊन गळतो. बनवल्याची तारीख विचारायला लाजू नकोस.

आणि हे बुटांचं नाही, पण सांगून ठेवते. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यात उतरावं लागलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखव, लेप्टोस्पायरोसिस (असल्या पाण्यातून होणारा ताप) टाळायची गोळी लागेल का ते विचार. ताप येईपर्यंत थांबायचं नाही.

ऑफिसचे बूट ऑफिसातच ड्रॉवरमध्ये ठेव, म्हणजे दिसण्याचा प्रश्न मिटेल. पैशांची काळजी करू नकोस, निम्मे मी घालते.

रविवारी संध्याकाळी जाऊ. दिवसभरात पाय जरा सुजलेला असतो, तेव्हाच माप खरं कळतं. रोजचे मोजे घालून ये आणि ट्रेनने नको, बाईकच आण. बूट घालून दुकानाबाहेर चार वेळा गिअर वर-खाली करून बघ, मगच पैसे देऊ.

तुझी,
आई