उदगीरच्या त्या स्वयंसेविका ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव विचारलं तर ‘मी इथलीच’ एवढंच म्हणून तुम्ही पुढच्या माणसाकडे वळलात, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहावं लागतंय. ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, एप्रिल २०२२, उदयगिरी महाविद्यालयाचं आवार, शनिवारची दुपार. मांडवाच्या कडेला खुर्चीतून उठताना एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई कोसळल्या, ती माझी आत्या. नाहीच आठवलं तरी चालेल. त्या उन्हात तुमच्याकडे अशी कितीतरी माणसं आली असतील.

संमेलन म्हणजे शाल-स्वेटर, अशी आमच्या घरची सवय. उदगीरचं मात्र भर एप्रिलात, तेही मराठवाड्यातलं. करोनाचे निर्बंध नुकतेच गुढीपाडव्याला उठले होते, त्यामुळे गर्दीत जो तो शेजारच्याच्या खोकल्याकडे कान लावून होता. उन्हाकडे लक्ष होतं ते तुमचं.

आत्या पडली तसं कोंडाळं झालं. कुणी कांदा फोडायला सांगितला, कुणी कोल्ड्रिंकची बाटली पुढे केली. तुम्ही आधी ते कोंडाळं मोडलंत. ‘वारं येऊ द्या जरा.’ सावलीत सतरंजीवर तिला आडवं केलंत, पायाखाली आमचीच पुस्तकांची पिशवी सारलीत आणि पाणी देण्याआधी विचारलंत, ‘मावशी, आज वार कोणता?’

‘शनिवार.’

‘संमेलनाचे अध्यक्ष कोण?’

आत्या मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. ‘भारत सासणे. त्याआधी नाशिकला नारळीकर, उस्मानाबादला दिब्रिटो, त्याआधी...’

‘बास, बास!’ तुम्ही हसलात, तेव्हा कुठे मला श्वास आला.

ही परीक्षा कशासाठी, ते तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत. उन्हानं माणूस बरळायला लागला, वेळ-काळ विसरला, तर तो उष्माघात समजायचा. मग १०८ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालत राहायचं. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही. हे इतक्या साध्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग बीपी. एकदा आडवं असताना, एकदा बसवून. बसवल्यावर आकडा घसरला तशी तुम्ही गोळ्यांची चौकशी केलीत. आत्याची बीपीची गोळी लघवी वाढवणारी, ती तिनं सकाळी नेमानं घेतली होती. ‘आणि पाणी?’ आत्या गप्प. ‘लघवीला कधी गेला होतात? रंग कसा होता?’ चारचौघांत हा प्रश्न! बाई लाजून लाल. तुम्ही मात्र बसचं वेळापत्रक विचारावं तितक्या सहज विचारलंत आणि उत्तर मिळेपर्यंत हलला नाहीत.

मला आभार मानायचेत ते मुख्यतः या प्रश्नाचे. आमच्या घरच्या सगळ्या बायका प्रवासाला निघाल्या की पाणी तोडतात. कारण सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. एसटी स्टँड असो, लग्नाचा हॉल असो की संमेलन, ‘तिथं कुठं जायचं’ ही धास्ती तहानेपेक्षा मोठी. तुम्ही ‘पाणी प्या’ म्हणून मोकळ्या झाला नाहीत. ‘प्या, मी नेते तुम्हाला’ म्हणालात आणि खरंच हात धरून नेऊन आणलंत. पाण्याचे जार लावले की सोय झाली असं समजणाऱ्या प्रत्येक आयोजकानं तुमच्याकडे शिकवणी लावावी.

ओआरएसचंही तसंच. मदतीला धावलेला मुलगा अख्खा पुडा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणार, इतक्यात तुम्ही त्याचा हात धरलात. ‘पुड्यावर वाच. एक लिटर.’ घट्ट केलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, मिठाचं प्रमाण चढून उलट त्रास होतो, हे त्याला तिथल्या तिथे समजावलंत. मग लिटरभर पाण्यात कालवून घोट-घोट पाजलंत. आत्याला मधुमेह नाही, हेही आधी विचारून घेतलं होतंत.

तिला दुपारीच किल्ला बघायचा होता. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला जिथं नमवलं ते उदगीर, असं व्याख्यान तिनं सतरंजीवर पडल्यापडल्याच सुरू केलं. ‘किल्ला कुठं पळून जाऊलालाय का मावशी? उद्या सकाळी जावा,’ तुम्ही म्हणालात. आमचं कुणाचं न ऐकणारी आत्या तुमचं ऐकून खोलीवर झोपली.

घरी आल्यावर तिच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी उन्हाळ्यापुरता गोळीचा डोस बदलून दिला. आपल्या मनानं गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, हे तुम्हीच जाताना दोनदा बजावलं होतंत. आता प्रवासात आत्या स्वतः तर पाणी पितेच, शेजारच्या बायकांनाही रंग विचारते. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तिला त्याचं काही नाही.

किल्ला रविवारी सकाळी पाहिला. आत्यानं तुम्हाला आशीर्वाद कळवलेत.

तुमची,
त्या मावशींची भाची
पुणे